गार चहाची बोलणी

३ मार्च, ट्युनिस
हॉटेल बरं आहे. उद्यापासून बोलणी. आम्ही त्रिपोलीचं सरकार, ते बेनगाझीचं. देश एक, सरकारं दोन, त्यातलं खरं आमचं. माझी मागणी एकच: त्रिपोली-बेनगाझी किनाऱ्याचा रस्ता खुला करा. बायको, सालिमा, जानेवारीत माहेरी, बेनगाझीत वारली. मला मातीलाही जाता आलं नाही. पण हे तिथे बोलणार नाही. प्रश्न देशाचा आहे.

४ मार्च
यजमानपद आळीपाळीने; आज ते. संकल्प: मागणी मान्य होईपर्यंत त्यांच्या चहाला शिवायचं नाही. आपल्याकडे पाहुण्याने पेला तसाच ठेवला, की यजमानाने विचारायचं, काय हवंय. कुणी विचारलं नाही. उर्मटपणा.

५ मार्च
यजमान आम्ही. त्यांनीही पेले तसेच ठेवले. आम्हीही विचारलं नाही. ते वेगळं. वेटरने काळजीने विचारलं, "साखर कमी पडली का?"

६ मार्च
डोकं दुखतंय. तत्त्वामुळे. खोलीत दोन पेले चहा घेतला. खोली तटस्थ आहे.

७ मार्च
त्यांच्यातला म्हातारा, हाज बुश्नाफ, जिन्यात भेटला. "उस्ताद, वहिनींचं कळलं. आमच्या मागच्याच गल्लीतल्या. अल्लाह त्यांना जन्नत देवो."
मी म्हटलं, हे विषयपत्रिकेवर नाही.
"मग घ्या की पत्रिकेवर!"
पूर्वेचे लोक फार बोलतात. जेवलो नाही. भूक नव्हती.

८ मार्च, दुपार
पुन्हा त्यांचा चहा. शेवटी हाजनेच विचारलं, "उस्ताद, किती गार करणार? बोला, काय हवं?"
सांगितलं.
"दिला रस्ता. प्या आता."
इतक्या सहज? बाहेर जाऊन आमच्या मंत्र्यांना फोन केला. ते म्हणाले, "ते देतायत म्हणजे फायदा त्यांचाच. नको म्हण."
आत येऊन बाणेदारपणे रस्ता नाकारला.
"अहो भल्या माणसा, मग मागितलात कशाला?" हाज म्हणाला.
मी कागद आवरले. बोलणी मोडली. आपण वाकलो नाही.

२ एप्रिल, त्रिपोली
हाजने फोनवर फोटो पाठवला. सालिमाची कबर. खाली लिहिलंय, "फातिहा म्हटली. तुमच्या वतीनेही."
मी सांगितलं नव्हतं. त्या सरकारच्या माणसाने आमच्या वतीने काही केलेलं आम्ही मान्य करत नाही. कडक निषेध कळवणार आहे. उद्या.
फोटो पुसलेला नाही. पुरावा म्हणून ठेवलाय. अधूनमधून तपासावा लागतो.