मुक्त खेळाची रंगीत तालीम

९ जून, सोमवार
शाळा उघडली. सातवीचा मराठी वर्ग बंद. गुजरातेत मराठी शाळेला मुलंच उरली नाहीत, सगळी गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियमला पांगली. सुषमा मॅडमनी (मुख्याध्यापिका झाल्या, पण सिनिऑरिटी माझी जास्त) मला बालवाटिका दिली. इतकी वर्षं गणित शिकवलं, आता पाच वर्षांची पोरं! मॅडम म्हणाल्या, नवा अभ्यासक्रम आलाय, अनुभवी माणूस हवा. म्हणजे एका अर्थी प्रमोशनच. घरी सुधाला तसंच सांगितलं. रात्री जेवण गेलं नाही.

१० जून
नव्या अभ्यासक्रमाची पुस्तिका अर्धी वाचली. लिहायला लावायचं नाही. पाठांतर नाही. मुलांनी खेळायचं, बोलायचं, तेही घरच्या भाषेत. शिक्षकाने जमिनीवर बसायचं. बाकीचं अनुभवाने कळेलच.
महत्त्वाचं: ऑगस्टमध्ये जिल्ह्याची टीम वर्ग बघायला येणार. त्यातून एका शिक्षकाला मास्टर ट्रेनर नेमणार. त्याने वर्ग घ्यायचा नाही, इतर शिक्षकांना शिकवायचं. निवड माझीच. दुसरं आहे कोण? मदतीला दिलेली प्राजक्ता? कालपरवा बी.एड. झाली, पोरांबरोबर मातीत लोळते.
संकल्प: दिवाळीनंतर या बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही.

१३ जून
संकल्प दुसरा: आवाज चढवायचा नाही. आज दोनदाच चढवला. दुसऱ्यांदा भूपेंद्रवर, तो शिपाई आहे, त्यामुळे धरायचा नाही.
वर्ग ताब्यात यायला वेळ लागला नाही. 'हाताची घडी, तोंडावर बोट' एवढं म्हटलं की चिडीचूप. पुस्तिकेत ही पद्धत नाही. लिहिणाऱ्यांनी वर्ग घेतलेला दिसत नाही.

२३ जून
मुक्त खेळाचं टाइमटेबल करून भिंतीवर लावलं. सोमवारी ठोकळे, मंगळवारी वाळू, बुधवारी माती. मनोरा पाच ठोकळ्यांचा, त्याहून उंच नाही. पडला की आवाज होतो. प्राजक्ता म्हणाली, सर, मुक्त म्हणजे मुलांनी ठरवायचं ना? मी म्हटलं, ठरवू देत की. ठोकळे लाल घ्यायचे की निळे, ते त्यांनीच ठरवायचं आहे.
ती हसली. तिला पटलं असावं.

२ जुलै
तारा नावाची मुलगी आहे. शाळा सुरू झाल्यापासून एक शब्द बोललेली नाही. वडील पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये, आई मंगलाबाई घरी साड्यांना टिकल्या लावते. खानदेशची मंडळी. मुलगी बसते मात्र सुरेख. सगळ्यांच्या आधी घडी, सगळ्यांच्या आधी बोट. वर्गातली आदर्श मुलगी म्हणून तिचं नाव मी मॅडमना कळवलं.

११ जुलै
मंगलाबाई दारात उभी. तिचं म्हणणं, पोर घर तं दिवसभर वटवट करस, शाळामा काबर बोलत नही? मी समजावलं की याला शिस्त म्हणतात. तर म्हणाली, काल घर बी जेवताना तिले पानी पाहिजे व्हतं, तरी तोंडवर बोट ठी बसनी. असंच चाललं तर गल्लीतल्या इंग्लिश शाळेत घालणार.
घाला म्हटलं. नंतर वाईट वाटलं. पट कमी झाला तर बालवाटिकाही बंद पडेल, आणि मग मला कुठे टाकतील? भूपेंद्रच्या शेजारी स्टुलावर?
संकल्प: टीम यायच्या आत ताराला बोलतं करायचं.

१८ जुलै
तालीम सुरू. टीमसमोर मुक्त खेळ बिनचूक झाला पाहिजे. खेळ 'भाजीबाजार'. ताराला वाक्य दिलं: 'ताजी भाजी घ्या हो ताई.' दहा वेळा म्हणून दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अकराव्यांदा माझा आवाज किंचित चढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, बोट मात्र जागचं हललं नाही.
वाक्य धनश्रीला दिलं. ती संध्याकाळपासून घरीदारी तेवढंच म्हणतेय, असं तिची आई फोनवर सांगत होती. उत्साह आहे.

४ ऑगस्ट
प्राजक्ता रोज मधल्या सुट्टीत ताराला घेऊन मागच्या व्हरांड्यात बसते. हसण्याचे आवाज येतात. मी गेलो की बंद होतात. विचारलं तर म्हणाली, सर, ती बोलते, अहिराणीत. मी म्हटलं, मग मराठीत का नाही बोलत? ती परत व्हरांड्यात गेली.
मुलीने तिच्याशी बोलावं आणि माझ्याशी नाही, याचं मला काहीही वाटत नाही. दुपारभर डोकं दुखलं, पण ते ऊन.

२० ऑगस्ट
उद्या टीम. नवा शर्ट इस्त्री केला. मास्टर ट्रेनर म्हणून चार शब्द बोलावे लागले तर असू द्यावेत, म्हणून भाषण तयार केलं. सुधाला म्हणून दाखवलं. ती मध्येच उठून कुकर बंद करायला गेली. कुकर वाजला नव्हता.

२१ ऑगस्ट
शांतपणे लिहायचं ठरवलंय.
गुच्छ घेऊन मी गेटवर उभा. टीम मागच्या दाराने थेट वर्गात! गाडी लावायला जागा तिकडे होती म्हणे. धावत गेलो. दारातून बघतो तर भाजीबाजार नाही, टाइमटेबल नाही, नुसता गोंधळ. कोणी टेबलाखाली, कोणी प्राजक्ताबरोबर मातीत. टीमच्या हेमांगिनीबेन, एवढ्या मोठ्या बाई, चक्क फरशीवर. समोर तारा. हातात मातीची बाहुली. आणि बोलतेय. धबाधबा बोलतेय. हाई मन्ही माय शे, ती साडीले टिकल्या लावस, मी तिले सुई दी देस. खणखणीत आवाज आहे पोरीचा. मला माहीतच नव्हतं.
मी आत पाऊल टाकलं. एवढंच. एक अक्षरही बोललो नाही.
सगळा वर्ग गप्प. टेबलाखालची मुलंसुद्धा. घडी, बोट. ताराने बाहुली खाली ठेवली आणि बोट ओठांवर धरलं. बोटाला माती होती, ती ओठांना लागली. हेमांगिनीबेन विचारत राहिल्या, शुं थयुं बेटा? तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.
बेननी मला विचारलं, आप कौन? मी म्हटलं, क्लास टीचर. त्या म्हणाल्या, हां, समझ गई.
त्यांना शिस्त आवडली असावी असं वाटलं. खरं तर नाही वाटलं.

२ सप्टेंबर
मास्टर ट्रेनर: प्राजक्ता. मॅडमनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. राग आला. अजून आहे. पोरीला अनुभव काय? पुढे चुका करेल तेव्हा विचारायला माझ्याकडेच येईल.

१२ सप्टेंबर
उधन्यातल्या हॉलमध्ये बालवाटिका शिक्षकांचं प्रशिक्षण. हजेरी सक्तीची. समोर प्राजक्ता. तिने प्रत्येकाला मातीचा गोळा दिला आणि म्हणाली, मनाला येईल ते करा.
शेजारच्या बाईंनी चूल केली. पुढच्या एकाने बैल केला आणि स्वतःशीच हसत बसला. मी हात वर केला, विचारलं, नक्की काय करायचं आहे? प्राजक्ता म्हणाली, सर, तुम्हाला आवडेल ते. अगदी प्रेमाने म्हणाली. त्याचाच जास्त त्रास झाला.
मला काय आवडतं, ते आठवेना. बराच वेळ गेला. शेवटी छोट्या गोळ्या केल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि सरळ रांगेत लावल्या. मग हात पुसून, कोणी तपासायला येतंय का, याची वाट बघत बसलो.
कोणी आलं नाही.