शुक्रवारची नाडी

भिवंडी,
१२ डिसेंबर १९८८

आदरणीय फखरुद्दीनचाचा यांस सलाम.

मस्कतचा उकाडा आता कमी झाला असेल. इकडे सगळे ठीक, असे लिहायची पद्धत आहे; पण तुम्हाला आजाराची तार गेली आहे, तेव्हा ते लिहीत नाही. हबीबाचा ताप उतरला. काल तिने खिमट खाल्ले, वर लोणचे मागितले. दिले नाही म्हणून मला "इस्पितळवाली" म्हणाली. तिचा कार्डिओग्राम आमच्या इस्पितळात मीच काढते. हृदयाच्या स्नायूची सूज उतरते आहे. तीन महिने विश्रांती, मग हळूहळू चालणे. पुढे धावता येईल, असे डॉक्टर म्हणतात.

तुमचे पत्र खदीजाचाचींनी मला वाचायला दिले. "पोरीला धावायला सोडून तू तिचं काळीज खराब केलंस," असे तुम्ही त्यांना लिहिले आहे, आणि धावणे आता कायमचे बंद, असेही. चाचींनी पत्राची घडी करून ते पिठाच्या डब्याखाली ठेवले.

धावण्याने काळीज खराब झालेले नाही. सरावाने ते बळकट होते, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून विश्रांतीत नाडी संथ होते. अंथरुणातून उठण्याआधी ती मोजायला हबीबाला मीच शिकवले. जूनमध्ये शहात्तर होती, दिवाळीला चोपन्न. हे मी इस्पितळात चारचौघांना सांगत असे.

भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम, त्यामुळे तिची एक चूक व्हायची. बोट नाडीवर आणि कान खटखटीवर. मग नाडीऐवजी लूमच मोजून भलताच आकडा सांगायची. आम्ही हसायचो, ती परत मोजायची.

ठाण्याच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात येऊन म्हणाली, ब्याण्णव. मी म्हटले, लूम मोजलेस.

"ताई, आज शुक्रवार. लूम बंद आहेत."

मला ते नीट ऐकू आले. नाडी अशी एकदम चढली तर अंगात ताप आहे असे धरायचे आणि त्या दिवशी धावायचे नाही, हा नियम मीच घातला होता. तिच्या कपाळाला मी हात लावला नाही. लावला असता तर तिला थांबवावे लागले असते, आणि चोपन्न नाडीची मुलगी जिंकलेली मला बघायची होती. घाबरल्यामुळे असेल, जा, असे मी म्हटले. तिसऱ्या फेरीत ती पडली. ताप तेव्हा अंगात होताच; त्या तापाने हृदयाला सूज आली आणि धावल्याने ती वाढली.

चाचींना यातले काही माहीत नव्हते. इथवर लिहिलेले हे पत्र मी आज त्यांना वाचून दाखवले. त्या सुपारी कातरत होत्या.

"शिकलेली म्हणून पोर तुझ्या हाती दिली होती," त्या म्हणाल्या. "पत्र टाक. आणि उद्यापासून तिची नाडी बघायला येऊ नको."

मी जाणार नाही. हबीबाने धावावे की नाही हे बाप म्हणून तुम्ही ठरवा, पण माझ्या चुकीवरून ठरवू नका.

मला उत्तर नको. चाचींना लिहा. त्या रोज पोस्टमनची वाट बघतात.

विद्युल्लता