खेळणी मोडली तरच पुढचा हप्ता

मी, खाली सही करणारी, कुलूपदुरुस्ती व चाव्या बनविण्याच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, सर्वत्र 'चावीवाली मावशी' म्हणून परिचित, स्वखुशीने व अक्कलहुशारीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते येणेप्रमाणे. गुडघे कुरकुरतात, पण डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. "मावशी, तुमचं डोकं तपासायची माझी हिंमत नाही," असे ते म्हणाले, तरी सही त्यांनी केली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर तसा प्रयत्न करणारे थकून घरी गेले. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवावा.

कलम १. माझी मिळकत म्हणजे रस्त्याकडेचे दुकान, दुकानामागची लांबट खोली आणि जिन्याने वर गेल्यावर माझे राहते घर. हे सर्व आमच्या ह्यांनी व मी मिळून घेतले. हे गेल्यावर दुकान मी एकटीने चालवले. याशिवाय बँकेत मुदत ठेव आहे. दागिने म्हणावे असे काही नाही. होते ते लेकीच्या शिक्षणाला गेले आणि त्याचे मला कधी वाईट वाटलेले नाही.

कलम २. बारीक कानशींचा डबा लेकीला देते. ती दुसऱ्या गावी दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करते, तेव्हा तिला त्या उपयोगी पडतील. तिचे काम नीट बसले नाही तर माणसाला दुखते, माझे बसले नाही तर दार उघडत नाही. बाकी कौशल्य एकच. चावी कापायचे यंत्र समोरच्या घड्याळवाल्याला द्यावे. मी बाहेर गेले की दुकानाकडे तोच लक्ष ठेवतो, आणि माझ्या माघारी यंत्र चालवून बघतो हे मला ठाऊक आहे.

कलम ३. माझे दीर. हे गेल्यावर थोड्याच दिवसांत ते दुकानात येऊन म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाला कुलपातलं काय कळतंय? दुकान देऊन टाका." देऊन टाका म्हणजे त्यांना. पुढे एकदा वाऱ्याने त्यांच्याच घराचे दार बंद झाले. सगळे बाहेर, आत गॅसवर दूध, आणि बोलावणे मला आले. मी दार उघडले, गॅस बंद केला आणि इतरांकडून घेते तेवढीच मजुरी घेतली. दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले मोठे पितळी कुलूप मी त्यांना देते, चावीसकट. आमचे बोलणे चालू आहे, हेही नमूद करते.

कलम ४. दुकानामागच्या खोलीबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. पूर्वी तिथे भंगार पडलेले असे. वस्तीतल्या काही आयांनी मिळून लहान मुलांसाठी बालवर्ग काढायचे ठरवले आणि त्यांना जागा मिळेना, तेव्हा मी भंगार काढून खोली दिली. वर्ग घेणारी ताई पहिल्यापासून तीच आहे. मंडळ स्थापन झाले. खजिनदार म्हणून एका निवृत्त हेडमास्तरांना घेतले, कारण त्यांचे अक्षर पाहून कोणीही अनुदान देईल असे सर्वांचे मत पडले. आणि खरोखर मिळाले. वस्त्यांमधल्या अशा मंडळांना मदत करणाऱ्या एका संस्थेने ताईचा पगार व खेळण्यांचा खर्च मंजूर केला. लाकडी ठोकळे आले, ओवायचे मणी आले, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, एक छोटा ढोल, चित्रांची पुस्तके. त्या खोलीला पहिल्यांदाच नव्या रंगाचा वास येऊ लागला.

अटींमध्ये एक ओळ होती: साहित्य सुस्थितीत ठेवावे, वर्षअखेर पाहणी होईल. हेडमास्तरांनी ती डोळ्यांत तेल घालून वाचली. त्यांनी काचेचे कपाट आणले आणि मला म्हणाले, "मावशी, चांगलं मजबूत कुलूप बसवा. एक जरी ठोकळा हरवला तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं मागणार?" मला पटले. सगळ्यांनाच पटले. मी दुकानातले सगळ्यात चांगले कुलूप बसवले. मग वर्षभर मुले काचेला नाक लावून उभी राहत आणि वर्ग सुटला की ताई काच पुसत असे. शिकवणे चालले ते बाटल्यांच्या झाकणांवर, सुट्या बटणांवर आणि माझ्या हातून बिघडलेल्या चाव्यांवर.

वर्षअखेर संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. हेडमास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कपाट उघडले तर सगळे जसेच्या तसे, बाहुलीच्या कानाला किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. बाईंनी बाहुली हातात घेऊन एका मुलीला विचारले, "हिचं नाव काय गं?"

मुलगी म्हणाली, "ती हेडमास्तरांची आहे."

बाई जमिनीवरच बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "अहो सर, हे खेळून मोडायलाच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "आमचीच अट चुकली म्हणायची. पण कुणीतरी विचारायचं तरी." आम्हाला हेडमास्तरांकडे बघवेना. मी दुकानातून पाना आणि स्क्रूड्रायव्हर आणून बाईंच्या समोरच कुलूप उतरवले. आठवड्याच्या आत ढोल फुटला. तेव्हापासून हेडमास्तर दुपारी डिंकाची बाटली घेऊन येतात आणि मुले त्यांच्यापुढे मोडक्या वस्तूंची रांग लावतात. पैशांच्या बाबतीत ते अजून कडक आहेत, पण डिंक मात्र सढळ हाताने लावतात.

हेडमास्तरांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे हा कागद करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, आणि साक्षीदार तर त्यांनाच व्हायचे होते.

कलम ५. संस्थेचे अनुदान या वर्षअखेर संपते आहे. त्यांचा नियमच तसा आहे, काही वर्षे एका मंडळाला, मग दुसऱ्याला. त्यात त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, पण ताईला घर चालवायचे आहे. आम्ही आणखी चार ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे तोच रकाना: मुलांमध्ये झालेली प्रगती आकड्यांत लिहा. येताना आईचे बोट न सोडणारा मुलगा आता मागे वळूनही बघत नाही, याचा आकडा हेडमास्तरांनाही काढता आला नाही. एकेक नकार येत गेला आणि वर्ग बंद पडणार असे दिसू लागले. म्हणून मी असे ठरवले की माझ्या पश्चात मागची खोली कायमची बालवर्गाच्या मंडळाला द्यावी, आणि मुदत ठेवीचा मोठा भाग अनुदान म्हणून द्यावा. त्याच्या व्याजातून ताईचा पगार व खेळण्यांचा खर्च भागवावा. अटी पुढीलप्रमाणे.

वर्षअखेरचा अहवाल म्हणून मोडलेल्या खेळण्यांचे पोते आणून सर्वांसमोर रिकामे करावे. ज्या वर्षी काहीच मोडले नाही, त्याच्या पुढच्या वर्षी खेळण्यांचा हप्ता मिळणार नाही. पगार मिळेल, कारण त्यात ताईचा दोष नसतो. पुस्तकाची पाने चघळलेली आढळल्यास ते वाचन समजावे. कपाटाला कुलूप लावू नये. कुलपांवर पोट भरलेली बाई हे लिहिते आहे, तेव्हा तिचा शब्द मानावा. खोलीला माझे नाव देऊ नये. फोटो तर मुळीच लावू नये, मुले घाबरतील.

कलम ६. एवढे ठरवले खरे, पण लेकीला विचारायचे होते आणि तिथेच घोडे अडले. माझी स्वतःची कमाई मी कोणालाही देऊ शकते, असे वकीलबाई म्हणाल्या. पण लेकीशी कायद्याने बोलता येत नाही. ती एकुलती एक, तिच्या घराचे हप्ते चालू. तिने नुसते "बघ बाई तुला काय वाटतं ते" म्हटले असते, तरी माझा उरलेला जन्म त्याचा अर्थ लावण्यात गेला असता. कित्येक महिने मी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवत होते. मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा जेवताना, तिच्याकडे न बघता, एका दमात सांगून टाकले.

ती खायची थांबली. "एवढंच ना?"

"एवढंच काय? अगं, घराची खोली आहे. ठेव आहे."

"आई, किती दिवस तू काहीतरी गिळत होतीस. मला वाटलं, आता म्हणशील, नोकरी सोड आणि दुकान सांभाळ. नाही कसं म्हणायचं त्याची तयारी करून आलेय मी. नवऱ्यालाही पढवून ठेवलंय, आई रडायला लागली तर तू फोनवर बोल म्हणून."

"मी कशाला रडू?" असे म्हणून मी रडले. मग ती हसत हसत रडली. माझा जीव भांड्यात पडला आणि तिचाही, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली. राहते घर व दुकानाची जागा माझ्यामागे लेकीला मिळावी. तिने दुकान चालवावे अशी माझी मुळीच इच्छा नाही, हे तिच्या आग्रहावरून स्पष्ट शब्दांत लिहिते.

कलम ७. वरील कलमे साक्षीदारांना वाचून दाखवावीत म्हणून एके दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही मागच्या खोलीत जमलो. लेक आली होती. सगळे मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. वकीलबाईंनी वाचले, हेडमास्तरांनी मध्ये दोनदा वेलांट्या सुधारल्या. ताई दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचन संपले आणि सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघू लागले की मी गेलेच आहे असे मला वाटले.

ताई म्हणाली, "मावशी, राग मानू नका. हे सगळं तुम्ही गेल्यावर ना?"

"मृत्युपत्र आहे बाई. अजून कधी?"

"पण अनुदान तर या वर्षअखेर संपतंय."

वकीलबाईंनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. माझी तब्येत अजून बरीच वर्षे उत्तम राहील असे सांगणारे डॉक्टर छताकडे बघत बसले. इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही हे ध्यानात आले नव्हते.

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. "मी दुसरीकडे नोकरी बघितलीय," ती म्हणाली. "इथेच वाट बघत थांबले, मावशी, तर रोज सकाळी तुमची तब्येत विचारताना माझ्या मनात काय येईल, याची मलाच भीती वाटते."

लेक म्हणाली, "मग मरायची वाट कशाला? आत्ताच दे की."

"आणि मला म्हातारपणी?"

"दुकान आहे. मी आहे. आणि म्हातारपण काय अजून यायचंय होय?"

त्यानुसार जाहीर करते की कलम ५ मधील खोली व ठेव मी हयातीतच, नोंदणी केलेल्या बक्षीसपत्राने, मंडळाला देऊन टाकली आहे. अटी त्याच आहेत. औषधपाण्यापुरती रक्कम माझ्याकडे ठेवली आहे; एवढी मी वेडी नाही. ताईने तिकडची नोकरी नको म्हणून कळवले आहे. हा कागद आता नव्याने लिहावा असे वकीलबाईंचे म्हणणे पडले, पण मी नको म्हटले. घडले तसे वाचणाऱ्याला कळू दे.

काल सकाळी ताईने दुकानात डोकावून विचारले, "मावशी, कशी आहे तब्येत?" मी म्हटले, "ठणठणीत." ती मनापासून हसली आणि आत मुलांकडे गेली. आता माझ्या मरणावाचून कोणाचे काही अडलेले नाही, आणि इतके हलके मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली आहे.

लिहून ठेवणार: चावीवाली मावशी (सही)

साक्षीदार पहिले: हेडमास्तर, निवृत्त, बालवर्गाचे खजिनदार (सही, बोटाला डिंक असल्याने कागदाचा कोपरा चिकटला आहे, तो फाडू नये)

साक्षीदार दुसरे: डॉक्टर (सही वाचता येत नसली तरी त्यांचीच आहे)

ठिकाण: दुकानामागील बालवर्गाची खोली

दिनांक: जुन्या अनुदानाचा अखेरचा दिवस. वर्ग उद्या नेहमीच्या वेळी भरेल.