गोगलगायींची आवराआवर

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्नचिन्हं! पानोपानी प्रश्नचिन्हं!

ह्यांच्या गोगलगायींच्या पुस्तकात जिथे जिथे जुन्या अभ्यासकांची नावं यायची, तिथे आता कंसात एकेक प्रश्नचिन्ह बसलंय. परवापर्यंत नावं नीट छापली जात होती. काल मी आवरलं.

हे रस्त्यात पडले, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात. शनिवारी घरी सोडणार. तोवर त्यांचा संगणक लख्ख करून ठेवावा, आल्यावर खूश होतील — केवढी ही पतिव्रता! सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबलेलं: शंखांचे फोटो, विजेची बिलं, पुस्तकाची प्रकरणं. संदर्भसूचीच्या तर पाच फायली, पाच नावांनी. मी फोल्डर केले, त्यांच्या पोटात फोल्डर, त्यांच्याही पोटात फोल्डर. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर डेस्कचं झाकण उघडून बघायच्या — रुमाल उजवीकडे, पेन्सिली डावीकडे, टोकं एका रेषेत. साठी उलटली तरी मी त्यांना डेस्क दाखवतेच आहे.

सोमवारी पुस्तक प्रकाशकाकडे जायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षावर. आणि ह्यांचा सगळा जन्म त्यात गेलाय.

५ फेब्रुवारी

इस्पितळात ह्यांनी विचारलं, पुस्तक कसं आहे. छान आहे म्हटलं. गोगलगाय नि पोटात पाय, ती मीच!

लग्नात त्यांनी एकच अट घातली होती — माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं पाळली. टेबलाला आताही लावला नाही. टेबलावरच्या संगणकाला लावला.

६ फेब्रुवारी

शेवटी धाकट्या नणंदेला फोन केला. तिची सगळी नोकरी संगणकांतच झाली. माझं रामायण निम्म्यावरही आलं नव्हतं तोच म्हणाली, "वहिनी, तू आवरलंस ना?"

मग तिने समजावलं. लिहायचा एडिटर वेगळा आणि पानं जुळवणारा प्रोग्रॅम वेगळा. संदर्भसूची कुठे ठेवलीय ते दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं. मी फक्त एडिटरला सांगितलं होतं. म्हणून तो मला सगळी नावं भराभरा दाखवत होता आणि मी भाबडी पडद्यासमोर बसून म्हणत होते, अरे, आहे की सूची! पानं जुळवणाऱ्याला पत्ताच नव्हता. एकाला सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जात नाही. आमच्या घरासारखंच झालं.

फोन ठेवताना तिने विचारलं, दादा पडला ती गल्ली तर पुलापलीकडची, तिथे तो कशाला गेला होता? गेले असतील गोगलगायी शोधायला, मी म्हटलं.

"ह्या दिवसांत? त्या पावसात निघतात, वहिनी."

तेही खरंच. पण ह्यांचं काय सांगावं! गोगलगायींसाठी माणूस कुठेही जाईल.

७ फेब्रुवारी

पानं जुळवणाऱ्याला फोल्डरचा पत्ता दिला. तरी प्रश्नचिन्हं. पुन्हा नणंद. म्हणाली, "अगं, तू त्याला कपाट दाखवलंस, कप्पे कुठे दाखवलेस?" पत्त्याच्या शेवटी दोन तिरक्या रेघा द्यायच्या, म्हणजे तो आतल्या फोल्डरच्या आतही शोधतो. दिल्या. बिचारा माझ्या सगळ्या डेस्कांची झाकणं उघडून आला!

निम्मी प्रश्नचिन्हं गेली. निम्मी राहिली, कारण पुस्तक पाचही फायली जुन्या नावांनी मागत होतं आणि चारांची नावं मी आवरताना बदलली होती. पाचही उघडून बसले. प्रत्येकीत ह्यांनी पहिल्यापासून सुरुवात केलेली. तीच पुस्तकं, तेच लेखक, पुन्हा पुन्हा टाइप केलेले. शेवटच्या फाईलमध्ये तर पहिल्याच पानापाशी थांबलेत. काय हा उत्साह! मी एकटीच हसत बसले. मग पाचांची एक केली.

एकही प्रश्नचिन्ह नाही! पान नि पान पाहिलं. शाळेत सिस्टर छातीवर चांदणी लावायच्या तशी आज कोणीतरी मला लावायला हवी.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे घरी आले. वॉकर आपटत थेट टेबलाकडे. मी पदराचं टोक पिळत मागे उभी. सगळं कबूल करून टाकलं — आवरलं, बिघडवलं, तुमच्या बहिणीने सावरलं.

ओरडले नाहीत. बराच वेळ फोल्डर बघत राहिले. मग विचारलं, सूची कुठे ठेवलीस? दाखवली. चहा झाल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा दाखवली. जेवायला बसताना पुन्हा.

मी म्हटलं, चिडवताय ना मला? तर हसले नाहीत.

९ फेब्रुवारी

सकाळी हे आपणहून बोलले. सूची सापडायची नाही, म्हणून दर वेळी नवी करायचे. आणि पुलापलीकडे गोगलगायी नव्हत्या. "दूध घेऊन घरीच येत होतो गं. घर कुठे ते आठवेना."

१० फेब्रुवारी, सोमवार

पुस्तक गेलं.

आज स्वयंपाकघरातली कपाटं आवरायला काढायची ठरवली होती. नाही काढली. त्यांचा चष्मा साखरेच्या डब्यावर, किल्ली खिडकीत, छत्री दाराच्या मधोमध. जिथे ते ठेवतात, तिथेच राहू दे.