एका घोटातल्या गोळ्या

३ मार्च

चि. सौ. भावजयीस अ. उ. आ., वि. वि.

एक कोडे तुझ्याही लक्षात आले असेल. चाळिशी उलटलेली बाई लोहाची गोळी न चुकता घेते, तरी जिना चढताना धापा टाकते. मग गोळी जाते कुठे? आहारशास्त्राच्या तासाला मी हे विचारले, की मुली हिरिरीने उत्तरे देतात. तू मात्र शिवता शिवता घेरी येऊन मशीनची सुई बोटात घालून घेतलीस, असे माझ्या धाकट्या भावाने कळवले.

या वयात पाळी बिघडते, अंगावरून फार जाते, त्याबरोबर लोह जाते. हाडांतले कॅल्शियमही सुटू लागते. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत भरून पाठवते. तू त्या टाकून देतेस, असा माझा संशय आहे. तब्येत सांभाळता येत नसेल, तर शिलाईचे दुकान बंद करावे, असे धाकट्याला सांगितले आहे. राग आला तर येऊ दे.

तुझी वन्सं

९ मार्च

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

कोडे पोचले, सल्लाही पोचला. ह्यांनी गिऱ्हाइकांसमोर दुकानाची किल्ली मागितली. माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली नाही. त्या दुकानाने मला माणसांत आणले, तुमच्या घराने नव्हे.

आणि गोळ्या टाकते म्हणे. रोज सकाळी कापड बेतण्याआधी कप्पा उघडते आणि लोह, कॅल्शियम, असेल ते कडक कोऱ्या चहाबरोबर एका घोटात गिळते. सगळे एकाच कप्प्यात भरता तुम्हीच. बहिणीने भरावे, भावाने बोलावे, बोलणी मात्र मी खावीत. शिकवण वर्गातच वाटावी.

लोभ आहे तेवढा पुरे.

आपली भावजय

१५ मार्च

चि. सौ. भावजयीस अ. उ. आ.

कप्पा मी भरला, हे खरे. चहा तू ओतलास, हेही खरे. चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, कॅल्शियम त्याची वाट अडवते. आतड्यांनी घ्यावे काय? यापुढे लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर दोन तासांनी, कॅल्शियम रात्री जेवल्यावर.

पुढच्या रक्ततपासणीपर्यंत किल्लीला हात लावू नकोस, असे धाकट्याला बजावले आहे. तो ऐकायचा नाही. त्याला सांगून कळत नाही, दाखवावे लागते.

आशीर्वाद कायम, प्रेमाचे मागाहून पाहू.

तुझी वन्सं

ता. क. त्याच्यासमोर दोन पेले मांड, एकात कोरा चहा, दुसऱ्यात लिंबूपाणी. दोन्हींत लोहाची गोळी कुटून टाक, ढवळ आणि गप्प राहा. कोणता पेला शाईसारखा काळा पडतो, ते त्याचे त्याला बघू दे.