पंचाहत्तरच्या दोन

४ जून, सकाळी
नवी वही, नवं शाईपेन. आज थायरॉईडचा रिपोर्ट दाखवायला जायचं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. शंभरची गोळी कित्येक वर्षं घेतोय, एक दिवस चुकलेली नाही. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, डोकं शाबूत. बँकेत सगळा जन्म सह्या तपासण्यात गेला. माझ्या टेबलावरून खोटी सही कधी पुढे गेली नाही, आणि खरी असली तरी वाकडी गेली नाही. म्हातारे यायचे, हात थरथरायचा. म्हणायचे, साहेब, मीच आहे हो. असाल, पण सही तुमची नाही, असं सांगून मी शाईचा पॅड पुढे सरकवायचो. अंगठेबहाद्दरांशी हुज्जत घालायचा पगार मला मिळत नव्हता.

दुपारी
बाईंनी गोळी कमी केली! शंभरची पंचाहत्तर. रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा पार तळाला गेलाय, तर ही बया डोस वाढवायचा सोडून कमी करते. म्हणे, हा आकडा उलटा वाचायचा. हार्मोन जास्त झालं की मेंदू मागणी बंद करतो, म्हणून आकडा उतरतो. म्हणे, या वयात जास्त डोस हृदयाला आणि हाडांना बाधतो, आकडा थोडा वर राहिलेलाच बरा. खात्यातली शिल्लक तळाला गेली तर माणूस भरणा करतो की आणखी पैसे काढतो? एवढं साधं गणित. फी घेताना मात्र आकडा सरळ वाचता येतो. चिडचिड होते का, असंही विचारलं. चांगलंच सुनावलं.

५ जून
निर्णय झाला. पंचाहत्तरच्या दोन, म्हणजे दीडशे. शंभर गोळ्यांची मोठी बाटलीच आणली. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढे तासभर चहा नाही. पथ्याबाबत बाईंशी माझा मतभेद नाही, अकलेबाबत आहे. घरात हिला काही सांगितलेलं नाही. ही लगेच मुलीला फोन करणार, आणि मुलगी मोबाईलवर वाचून डॉक्टर झालेली.

२३ जून
काय उत्साह! पहाटे चारला आपोआप जाग येते. आज सगळी कपाटं रिकामी करून परत लावली. ही उठून आली, दारातून बघितलं आणि जाऊन झोपली. आळशीपणाला औषध नाही. वजन उतरलं, पट्ट्याला नवं भोक पाडलं. शेजारचा लठ्ठ्या वर्षभर बागेत फेऱ्या मारतोय, त्याचं पोट जागचं हललेलं नाही. पेन मात्र टाकाऊ निघालं. रेघ थरथरते. उद्या दुकानदाराच्या तोंडावर मारतो.

२४ जून
दुकानदार म्हणतो, पेन उत्तम आहे. स्वतः सही करून दाखवली. गुळगुळीत आली, पण त्याचा कागद वेगळा होता. दुसरं पेन घेतलं, महागातलं.

१ जुलै
दुसरंही तसंच. हल्ली माल बनवतात कुठे? बॉलपेनवर आलोय.

९ जुलै
मी पंखा पाचवर करतो, ही शाल गुंडाळून एकवर आणते. मला घाम आणि हिला थंडी! थायरॉईड खरं तर हिलाच झालाय, तपासून घे म्हटलं. तर म्हणाली, तुमचा कप बशीवर वाजतोय हो सारखा. कपबशी एका सेटमधली नाही, वाजणारच.
संध्याकाळी मुलीचा फोन. हिनेच कळ लावलेली. बाबा, खात्यावर आईचं नाव घाला, दोघांपैकी कुणाचीही सही चालेल असं करा. माझ्या खात्यावर दुसऱ्याची सही! हिला चेक कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नाही. माझी सही चालेनाशी होईल त्या दिवशी खुशाल घाला, असं सांगून फोन आपटला. छातीत बराच वेळ पाखरू फडफडत होतं. संताप खरा असला की असं होतं.

१७ जुलै
इमारतीच्या पाण्याच्या टाकीसाठी दिलेला चेक परत आला. कारण, सही जुळत नाही. माझी! सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटला. चेक घडी करून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, काका, सावकाश द्या, घाई नाही. लिफ्टमध्ये आणखी तिघं होते, सगळे छताकडे बघत होते. माझ्याच जुन्या शाखेत आता काय गणंग भरलेत ते कळलं. उद्या जाऊन सही कशी तपासतात ते शिकवून येतो. सरावाला म्हणून पानभर सह्या केल्या. टेबल डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा घातला. तरी डुगडुगतं.

१८ जुलै, सकाळी
अंगात तरतरी हवी म्हणून आज पंचाहत्तरच्या तीन घेतल्या. इस्त्रीचा शर्ट. ही म्हणते मी बरोबर येते. कशाला, चेक धरायला? नको म्हटलं तर चपला घालून दारात उभी. येऊ दे. नवऱ्याचा मान काय असतो ते एकदा बघेल तरी.

२६ जुलै
आजची नोंद मी सांगतोय आणि ही लिहितेय. मला पेन धरवत नाही.
त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने तीनदा सही घेतली. तिन्ही वेगळ्या आल्या. मी याच टेबलावर बसायचो, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, असाल आजोबा, पण सही जुळत नाही. मॅडम, मीच आहे हो, असं माझ्या तोंडून गेलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. हिने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही.
हॉस्पिटलात ठेवलं. हृदय ताल सोडून धावत होतं. डॉक्टरीणबाई आल्या. गोळी किती घेता, विचारलं. पंचाहत्तर, म्हणालो. हिने पर्समधून बाटली काढून खुळखुळवली. तळाशी दहा-अकराच होत्या. बाईंनी बाटली घेऊन गोळ्या मोजल्या. मग मी दीडशे म्हणालो, आणि शेवटच्या दिवसाचंही सांगितलं. आकडा आता इतका खाली गेलाय की मशीनला मोजता येत नाही. गोळी काही दिवस बंद, मग पन्नास, मग परत रक्त तपासायचं. हात ताळ्यावर यायला वेळ लागेल. चिडचिड होते का, परत विचारलं. या खेपेला उत्तर हिने दिलं.
आज बँकेत जाऊन खात्यावर हिचं नाव घातलं. त्या मुलीने माझ्यापुढे पेन ठेवलंच नाही, शाईचा पॅड सरकवला. माझा अंगठा तिनेच धरला आणि दाबला. हळू हं आजोबा, म्हणाली. खाली हिने सही केली. गोल, सावकाश, एकदाच. लगेच पास.
घरी आल्यावर हिला विचारलं, मागची पानं वाचलीस का. वाचायला घेतली होती, म्हणाली, पण जुलैपासून अक्षर लागतच नाही. चेक कुठल्या बाजूने धरायचा, तेवढं एकच वाक्य लागलं.