हेंट : अर्थ आणि उगम

३ मार्च, सकाळ
ठरलं. 'हेंट' या शब्दाचा अर्थ आणि उगम, हा लेख ईस्टरच्या आत संपवायचा. अर्थ सोपा : भूत. 'हॉन्ट' हा इंग्रजी शब्द आमच्या कॅरोलिनाच्या बेटांवर घोळून घोळून हेंट झाला. मी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. बायको, ओडेसा, गेल्यापासून वेळच वेळ आहे.

६ मार्च
लेख सरकला नाही. कॉफी संपली होती.
उगमाबद्दल मेहुणीला, व्हर्डेलला विचारलं. म्हणाली, दाजी, उगम कसला डोंबलाचा! व्हरांड्याचं छत निळं ठेवायचं. हेंटला ते पाणी वाटतं, ओलांडून यायची त्याची छाती होत नाही. तुमच्या छताचे पोपडे निघालेत, आधी ते बघा. अशा बाईशी शिकलेल्या माणसाने वाद घालू नये. घातला.

९ मार्च
प्रयोग सुचला! छताचा निळा रंग पार खरवडायचा. कोणी आलं नाही, तर शब्द पोकळ. निव्वळ संशोधन. ओडेसाचा याच्याशी काही संबंध नाही.

१२ मार्च
छत उघडं. मान आखडली. संध्याकाळी दाढी केली, तिच्या आवडीचा पांढरा शर्ट घातला. संशोधकाने नीटनेटकं असावं. तिची झुलती खुर्ची बाहेर आणली, व्हरांडा ओकाबोका दिसत होता म्हणून. मक्याच्या कण्या आणि कोळंबी दोघांपुरती झाली. अंदाज चुकला.

१५ मार्च
खुर्ची हलली. वारा होता. तरी 'आलीस?' म्हटलं, नोंदीसाठी.
घर फार शांत आहे. भीती वाटते. ती येईल याची नाही.

२० मार्च
व्हर्डेल रंगाचा डबा घेऊन आली. वर बघितलं आणि पायरीवरच बसली. म्हणाली, अहो दाजी, सगळा काढलात? तो शेवटचा हात ताईने मारला होता. खोकत होती, मी शिडी धरून उभी होते. मी फक्त पोपडे निघालेत तिथे लावणार होते हो, तिच्या रंगाला हात नसता लावला.
मी म्हटलं, ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं.
मग तिने हळूच विचारलं, खरवडलेलं कुठे टाकलंत? कचऱ्याची गाडी कधीच येऊन गेली.

२१ मार्च
लेख रद्द. पांढऱ्या शर्टाच्या खिशात निळी कपची सापडली, नखाएवढी. दिवसभर मुठीत होती. व्हर्डेलने विचारलं, आता रंगवू का? म्हटलं, रंगव. कोणी येत नाही.